"तुमची कितवी?" : गंभीर कॅन्सरसोबत जगताना सहरुग्णांची सोबत कशी मिळवायची

केमोच्या डे-केअरबाहेरच्या बाकावर कुणी आधी नाव विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, "तुमची कितवी?" म्हणजे केमोची कितवी फेरी. आणि उत्तर म्हणजे नुसता आकडा. "तिसरी." "माझी अकरावी." मग पाण्याची बाटली पुढे होते, पिशवीतून खाकरा निघतो आणि अर्ध्या तासात जव्हारहून आलेल्या बाईंना डोंबिवलीच्या बाईचं सगळं घर माहीत झालेलं असतं.

ती डोंबिवलीची बाई मी. सहा वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, लाईट म्हणजे रेडिएशन, सगळं रीतसर पार पडलं. दोन वर्षांपूर्वी पाठ दुखायला लागली तेव्हा वाटलं, लोकलच्या गर्दीत कुठेतरी लचक भरली असेल. पेट स्कॅन केल्यावर कळलं की हाडांत पसरलाय. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, आता बरा करायचा नाही, आटोक्यात ठेवायचा. घरचे "काही होणार नाही तुला" म्हणत राहिले. पण रात्री कूस बदलताना जी कळ येते ती कशी टाळायची, हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ते सांगितलं बाकावरच्या साताऱ्याच्या मावशींनी. "गुडघ्यांमध्ये उशी धर आणि खांदा-कंबर एकदम वळव, ओंडका लोटतात तसं. मधे पिळायचं नाही." त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी झोपले.

या दोन वर्षांत मी स्वतःसाठी एक नियम केलाय. "कसं" हे सोबत्याला विचारायचं. "काय" आणि "किती" हे डॉक्टरांना. याची गल्लत केली की दोन्हीकडून नुकसान होतं. मीही ते करून बसले होते, ते पुढे येईल.

१. आधी स्वतःचा आजार एका पानावर उतरवा

सोबती शोधायला निघण्याआधी आपल्याला नेमकं काय झालंय ते माहीत हवं. निम्म्या लोकांना ते माहीत नसतं, कारण फाईल मुलाच्या हातात असते आणि मुलाने ठरवलेलं असतं की आईला सगळं सांगायचं नाही. कॅन्सर हा एक आजार नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्येच ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्यांवरून उपचाराचा रस्ता बदलतो. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआरसारखा जनुकातला बदल सापडला तर गोळीवर भागू शकतं, नाही सापडला तर वेगळं औषध लागतं. म्हणून "तिलाही माझ्यासारखंच होतं" हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं.

एक साधा फुलस्केप घ्या. वर आजाराचं पूर्ण नाव, कुठे सुरू झाला, कुठे पसरला, महत्त्वाच्या तपासण्यांचे निकाल. खाली आतापर्यंतचे उपचार तारखांसह, सध्याची औषधं, कशाची ॲलर्जी, मधुमेह-रक्तदाब असेल तर तो. तळाशी तुमच्या डॉक्टरांचे ओपीडीचे वार आणि रात्री-अपरात्री कुठे जायचं तो पत्ता आणि नंबर. याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. पान भरताना अडलात तर पुढच्या ओपीडीत हा एक प्रश्न विचारा: "हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी?" विचारताना जीभ जड होते, हे खरं. पण उत्तर मिळाल्यावर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात, अगदी गावाचं घर विकायचं की नाही इथपर्यंतचे.

२. कुणाकडून काय हवंय ते ठरवा

सोबत म्हणजे सगळ्यांना एकच गोष्ट लागते असं नाही. कुणाला ऐकून घेणारा माणूस हवा असतो. कुणाला मुंबईत राहायला जागा हवी असते. कुणाला फक्त एवढंच बघायचं असतं की आपल्यासारखा आजार असलेला माणूस भाजी आणायला जातो, भांडतो, हसतो. मला सुरुवातीला हे शेवटचंच हवं होतं.

३. मुंबईत शोधायचं कुठे

परळला टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे, त्यामुळे देशभरातले कॅन्सरचे रुग्ण या एका भागात येऊन थांबतात आणि त्यांच्याभोवती मदतीचं एक जाळं तयार झालंय. ते जाळं बोर्डावर लिहिलेलं नसतं. त्यात शिरायचा सगळ्यात सोपा दरवाजा म्हणजे तुमच्या रुग्णालयातला वैद्यकीय समाजसेवा विभाग. कुठल्याही मोठ्या रुग्णालयात तो असतो. तिथे जाऊन फक्त पैशांचं विचारू नका. "माझ्यासारखा आजार असलेलं, उपचार झालेलं कुणी भेटेल का?" असंही विचारा.

व्ही केअर फाउंडेशन १९९४ मध्ये स्वतः कॅन्सरमधून गेलेल्या वंदना गुप्ता यांनी सुरू केलं. तिथे या वाटेवरून जाऊन आलेली माणसं रुग्णांशी बोलतात. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ ची आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ ची. दोन्ही मुंबईतल्याच. लहानपणी कॅन्सर होऊन मोठे झालेल्यांचा "उगम" हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीचा. पोटावर पिशवी लावावी लागलेल्यांसाठी ऑस्टॉमी असोसिएशन आहे. पिशवी गळते कधी, लोकलमध्ये काय करायचं, नवऱ्याजवळ कसं झोपायचं, हे ज्याच्या पोटावर पिशवी आहे त्यालाच विचारावं. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी, म्हणजे सीएमएलसाठी, रोज गोळी घेणाऱ्यांचा "फ्रेंड्स ऑफ मॅक्स" हा गट आहे. वर्षानुवर्षं गोळी न चुकवता घेणं किती अवघड असतं, ते तेच जाणतात.

बाहेरगावचे असाल तर राहण्याची जागा हीच सोबतीची पहिली जागा ठरते. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, ही दोन नावं बाकावर रोज ऐकू येतात. रुग्ण लहान मूल असेल तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून कुटुंबाला राहायला जागा देतात. तिथे सगळ्या आया एकाच स्वयंपाकघरात आपापल्या शेगडीवर रांधतात. जागा मिळेपर्यंत फूटपाथवर दिवस काढणारीही कुटुंबं आहेत. त्यांना "असं का राहता?" असं विचारू नका. त्यांनी सगळीकडे चौकशी केलेली असते.

दोन इशारे. "लवकर नंबर लावून देतो" म्हणणारा माणूस गेटजवळ भेटला तर पुढे चाला. आणि फाईलचे मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्सचा संच वेगळा ठेवा.

४. बोलायला सुरुवात कशी करायची

"कितवी?" विचारा, बास. पुढचं आपोआप येतं. विचारायचं नाही ते हे: "किती दिवस दिलेत?", "मुलांना सांगितलंत का?", "तंबाखू खात होतात का?" शेवटचा प्रश्न तर मी ऐकला की माझंच रक्त तापतं. तोंडाचा कॅन्सर झालेल्या माणसाने तो प्रश्न स्वतःला हजार वेळा विचारलेला असतो.

पुरुष बोलत नाहीत अशी तक्रार बायका करतात. ते बोलतात, पण आजारावर नाही. आमच्या बाकावर बेस्टचे एक निवृत्त कंडक्टर यायचे. जिभेचं ऑपरेशन झालेलं, बोलणं कळायचं नाही. ते छोट्या पाटीवर लिहायचे. पहिले दोन महिने फक्त बसमार्ग लिहिले. कोणता नंबर कुठून कुठे जायचा, कोणता बंद झाला. तिसऱ्या महिन्यात पाटीवर एकदाच लिहिलं, "रात्री लाळ गळते. उशी भिजते. बायकोला सांगत नाही." शेजारच्या माणसाने पाटी घेतली आणि खाली लिहिलं, "माझीपण. टॉवेल दुमडून ठेवा. नर्सला विचारा, औषध आहे."

बोलायचं नसेल त्या दिवशी सरळ सांगा, "काका, आज नको." कुणी रागावत नाही. बाकावरच्या लोकांना हा दिवस माहीत असतो.

५. सोबत्यांकडून काय घ्यायचं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं.

तोंड आलं की मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून बऱ्याच वेळा चुळा भरायच्या. प्रमाण नर्सकडून घ्या. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको. सगळं लोखंडासारखं लागत असेल तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवून लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्या. फोडणीच्या वासाने मळमळतं, म्हणून केमोनंतरचे तीन-चार दिवस स्वयंपाक करणाऱ्याने दार लावून घ्यावं. चाळीत शेजारणीला सांगावं लागतं. तिला सांगायची लाज वाटली तर तिच्या मुलाला सांगा, तो सांगतो. अन्न गरम असताना वास जास्त येतो. थोडं निवलेला मऊ भात आणि ताक बऱ्याच जणांना जातं.

लोकलच्या दिव्यांग डब्यातून कॅन्सरच्या रुग्णाला प्रवास करता येतो. कागद जवळ ठेवा, कारण डोक्यावर केस असले की लोक "तुम्हाला काय झालंय?" असं विचारतात. पहिल्यांदा मी रडले. नंतर कंडक्टर काकांनी पाटीवर युक्ती लिहून दिली: रुग्णालयाच्या कार्डाची झेरॉक्स लॅमिनेट करून पर्सला बाहेरून लावायची. पावसाळ्यात मात्र युक्ती चालत नाही. हिंदमाताला पाणी भरलं की परळ गाठणं म्हणजे परीक्षा. काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, कमी असताना त्या पाण्यातून चालायचं नाही, चप्पल घालूनही नाही. जोराच्या पावसाचा इशारा असेल तर आदल्या दिवशी डे-केअरला फोन करून तारीख बदलता येते का विचारा, किंवा दादर-परळला कुणाकडे तरी मुक्कामाला जा.

आणि हे तीन निरोप बाकावरच मिळाले, पण मी डॉक्टरांकडून पक्के करून घेतले, म्हणून ठामपणे लिहिते.

केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर ती आणीबाणी समजायची. क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही. ताप उतरतो, जंतुसंसर्ग मात्र वाढत जातो. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, त्या दिवसांत थर्मामीटर उशाशी ठेवा.

कॅन्सर हाडांत असेल आणि पाठीत नवी, वाढत जाणारी कळ आली, पायांतली शक्ती गेली, मुंग्या यायला लागल्या किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. मणक्यात मज्जारज्जू दबत असेल तर तासांना किंमत असते.

हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब ही इंजेक्शनं सुरू होण्याआधी दात तपासून घ्या, आणि चालू असताना दात काढायची वेळ आली तर दंतवैद्याला आधी इंजेक्शनबद्दल सांगा. या औषधांवर असताना दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. मला हे साताऱ्याच्या मावशींनी सांगितलं. त्यांना स्वतःला ते उशिरा कळलं होतं.

६. काय घ्यायचं नाही

आता माझी चूक. बाकावरच्या एका ताईंनी सांगितलं की त्यांच्या भावाला अमुक काढ्याने स्कॅन साफ आला. मी दोन महिने तो काढा प्यायले, कुणाला न सांगता. यकृताच्या तपासण्या बिघडल्या, गोळ्या थांबवाव्या लागल्या. डॉक्टरांनी बाहेरचं काही घेता का विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. कॅन्सरची कित्येक औषधं यकृतातून मोडली जातात. काढे, भस्मं, इतकंच काय काही औषधांबरोबर पपनससुद्धा, रक्तातलं प्रमाण वर-खाली करू शकतं. तुम्हाला हळदीवर विश्वास असेल तर असू द्या, पण कॅप्सूल सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. लाजेपोटी लपवलेली गोष्टच सगळ्यात महाग पडते.

डोस, स्कॅनचे आकडे, "माझ्या मार्करपेक्षा (रक्ततपासणीतल्या कॅन्सरच्या आकड्यापेक्षा) तुमचा कमी कसा?" ही तुलनाही नको. आणि सरासरी आयुष्याचे आकडे बाकावर बोलायचे नाहीत. ज्याला जाणून घ्यायचंय त्याने आपल्या डॉक्टरांसमोर बसून विचारावं.

७. छोटा गट करा, नियम आधी ठरवा

आमचा व्हॉट्सॲप गट सात जणांचा आहे. शंभर जणांचे गट मी बघितलेत. तिथे सकाळी गणपती आणि रात्री जादूची औषधं येतात. आमचे नियम पहिल्याच दिवशी लिहिले: औषध विकणारा बाहेर. कुणाचा रिपोर्ट दुसऱ्या गटात टाकायचा नाही. गटात पैसे गोळा करायचे नाहीत; मदत हवी असेल तर खासगीत. आणि घाईचं दुखणं गटात टाकून उत्तराची वाट बघायची नाही, रुग्णालयाला फोन करायचा.

एक नियम आम्ही उशिरा केला. प्रत्येकाने घरच्या एका माणसाचा नंबर दुसऱ्या एकाकडे देऊन ठेवायचा, आणि काही झालं तर त्या माणसाने आधी एकाला फोन करायचा, गटात मेसेज टाकायचा नाही. कंडक्टर काकांच्या वेळी तसं झालं नव्हतं. त्यांच्या नंबरवरून रात्री अकराला मेसेज आला, मला वाटलं बसमार्ग असेल. काउंट कमी असेल तर अंत्यविधीला जाऊ नका, फोन करा. नंतर काही दिवस गट बंद ठेवावासा वाटला तर ठेवा. रात्री मन फारच फिरलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

८. पैसे, थोडक्यात

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का ते समाजसेवा विभागात पहिल्याच आठवड्यात विचारा, कारण मंजुरी बहुतेक वेळा उपचाराआधी घ्यावी लागते. धर्मादाय न्यासाच्या खासगी रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्नाचा दाखला लागतो. उपचारासाठी रेल्वेने येणाऱ्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी, सोबत येणाऱ्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. त्याचा फॉर्म रुग्णालयातून मिळतो.

९. पॅलिएटिव्ह ओपीडीची भीती बाळगू नका

बाकावर या शब्दाला सगळे घाबरतात. "तिकडे पाठवलं म्हणजे संपलं." मीही असंच समजत होते. प्रत्यक्षात तिथे वेदना, धाप, मळमळ, झोप आणि घरच्यांची धावपळ यांच्यावर काम होतं, आणि मुख्य उपचार चालू असतानाही तिथे जाता येतं. मला मॉर्फिन तिथेच सुरू झालं. सासूबाई म्हणाल्या, व्यसन लागेल. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरच्या वेदनेसाठी नीट दिलेल्या मॉर्फिनमध्ये व्यसनाची भीती फार कमी. भीती बद्धकोष्ठतेची, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत. खरंच तसं झालं. घरी भेट देणाऱ्या पथकाबद्दलही तिथेच विचारा. आणि घरी सांभाळणं अशक्य झालं तर वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे, १९८६ पासून. देशातलं हे पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारी जागा, आणि तिथे पैसे घेत नाहीत.

शेवटच्या टप्प्यात व्हेंटिलेटर हवा की नको, हे आपणच आधी लिहून ठेवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आमच्या गटात तिघांनी केलंय. एकाच दुपारी गेलो, नंतर दादरला पियुष प्यायलो.

१०. तुमच्या शेजारी नवीन कुणी बसलं तर

एक दिवस कोरी फाईल छातीशी धरलेली मुलगी तुमच्या बाजूला बसेल. तिला आपली गोष्ट सांगू नका, निदान पहिल्या तासात नको. "सकारात्मक राहा" तर मुळीच नको. तिला लागणारी माहिती फार लहान असते: रक्त कुठे द्यायचं, औषधाची खिडकी कोणती, किती वेळ लागेल, बाथरूम कुठे. मागच्या महिन्यात अशीच एक आली. बराच वेळ गप्प होती, मग विचारलंच, "तुमची कितवी?"

"हाडांच्या इंजेक्शनची बाविसावी," मी म्हटलं. "तुझी पहिली ना? आत एसी फार असतो. शाल आणलीस का?"